कुस्कोची उंची आणि अजिंठ्याचे ऊन

युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत अजिंठ्याची लेणी दाखल झाली १९८३ साली. त्याच वर्षी, त्याच यादीत, पेरू देशातल्या माचू पिचू या इंका लोकांच्या डोंगरावरच्या नगराचेही नाव आले. दोन्ही जागा डोंगराच्या कुशीतल्या आणि नदीच्या वळणावरच्या. इथे वाघूर, तिथे उरुबांबा. दोन्हींच्या 'शोधा'ला एकेका परक्या माणसाचे नाव चिकटलेले आहे. आपल्याकडे १८१९ मध्ये शिकारीला आलेला इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ, तिकडे १९११ मध्ये गेलेला अमेरिकी प्राध्यापक हायरम बिंगहॅम. आसपासच्या गावकऱ्यांना या जागा आधीपासूनच ठाऊक होत्या, हेही दोन्हीकडे सारखेच. बिंगहॅमला तर वाट दाखवली ती तिथल्या एका शेतकऱ्याने, आणि तो वर पोहोचला तेव्हा त्या पडक्या नगराच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत लोक पीक घेत होते.

जामनेरकरांना अजिंठ्याचे अप्रूप थोडे कमीच. पहूर मागे पडले की समोर डोंगराची निळी रांग दिसू लागते, तासाभरात फर्दापूरचा तिठा येतो, तिथे गाडी लावायची आणि पुढचे चार किलोमीटर बसने. माचू पिचूसाठी आधी लिमा, मग कुस्को, मग आगगाडी, मग घाटाची बस. ज्यांना हौस आणि दम आहे ते चार दिवस चालत जातात. 'इंका ट्रेल' या जुन्या वाटेचे अंतर चाळीस किलोमीटरहून जास्त आहे आणि वाटेतली सर्वांत उंच खिंड सुमारे ४,२०० मीटरवर आहे.

एवढ्या लांबच्या प्रवासाबद्दल आरोग्याच्या पानावर लिहायचे कारण म्हणजे आमच्या ओपीडीत अलीकडे ऐकू येणारे प्रश्न. मुले परदेशात स्थिरावली आहेत, ती आई-वडिलांना कुठे कुठे फिरवतात. 'पेरूला जायचे म्हणतोय मुलगा, उंचीवर त्रास होतो म्हणे, गोळी लिहून द्या,' असे सांगत येणारे निवृत्त जोडपे आता दुर्मिळ राहिलेले नाही. केदारनाथला निघालेल्यांची तर दर उन्हाळ्यात रांगच असते. हे लोक विचारून जातात, तपासून घेतात, हे फार चांगले आहे. पण हीच कुटुंबे मे महिन्यात पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आठ जणांना एका गाडीत बसवून भर दुपारी अजिंठ्याला नेतात, आणि त्यासाठी कोणी काही विचारत नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत उंचीच्या आजारातून उठून आलेले रुग्ण मला बोटांवर मोजता येतील. उन्हाचे रुग्ण मोजायला बोटे पुरणार नाहीत.

आधी उंचीचे बघू. वर गेले की 'ऑक्सिजन कमी होतो' असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण जामनेरला जितके, तितकेच कुस्कोला, म्हणजे साधारण २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे आणि तिथला दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. म्हणजे तेवढाच श्वास घेतला तरी ऑक्सिजन एक-तृतीयांशाने कमी मिळतो. शरीर हे ओळखते आणि कामाला लागते. श्वासाचा वेग वाढतो, नाडी वाढते, मूत्रपिंडे रक्तातील क्षार-आम्लाचा तोल नव्याने लावतात, पुढे काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढतात. या सगळ्याला वेळ लागतो. वेळ न देता माणूस वर चढला की डोके ठणकते, मळमळते, झोप लागत नाही, जेवण नको वाटते. साधारण २,५०० मीटरच्या वर हा धोका सुरू होतो. दुर्लक्ष करून आणखी वर गेले तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठू शकते, आणि तेव्हा खाली उतरवणे हाच पहिला उपाय.

माचू पिचूची गंमत अशी की ते स्वतः फक्त २,४३० मीटरवर आहे. त्रास होतो तो त्याच्या आधी, कुस्कोत. समुद्रकाठच्या लिमाहून विमान तासा-दीड तासात ३,४०० मीटरवर उतरवते, आणि प्रवासी सामान खोलीत टाकून लगेच गाव बघायला निघतो. जाणकार लोक कुस्कोत न थांबता थेट खालच्या दरीत मुक्कामाला जातात आणि उंच जागा शेवटी बघतात. केदारनाथचेही तसेच. मंदिर सुमारे ३,५८० मीटरवर, चालायला सुरुवात होते त्या गौरीकुंडाहून दीड हजार मीटर उंच. एका दिवसात एवढे चढणे शरीराच्या हिशेबात बसत नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नको, असा जगभरचे गिर्यारोहण-डॉक्टर सांगतात तो नियम आहे. असेटाझोलामाइड नावाची गोळी मदत करते, पण ती सगळ्यांना चालत नाही. सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचे दुखणे असल्यास आधी सांगायला हवे. तरुण आहे, जिमला जातो, म्हणून त्रास होणार नाही, हा समज तर पूर्ण खोटा. दणकट माणूस भरभर चढतो, त्यामुळे उलट तोच लवकर सापडतो.

कुस्कोच्या हॉटेलांत पाहुण्याला कोकाच्या पानांचा चहा देतात. तिथल्या लोकांची ती शेकडो वर्षांची रीत आहे. उंचीचा आजार त्याने टळतो असा भक्कम पुरावा नाही, आणि ती पाने आठवण म्हणून बॅगेत घालून भारतात आणू नयेत, कारण कोकेन त्याच पानांपासून बनते आणि आपल्याकडे तो गुन्हा आहे. आपला खिशातला कांदा निदान कायद्यात बसतो. लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवणारी माणसे खान्देशात आजही आहेत. मी कोणाला तो काढायला लावत नाही. फक्त कांद्यासोबत दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि डोक्यावर उपरणे हवे, एवढेच म्हणते. कच्चा कांदा भाकरीबरोबर खाल्ला तर उत्तमच. खिशात मात्र तो शरीराचे तापमान उतरवत नाही.

आता आपल्या डोंगरांकडे येऊ. महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. सर्वांत उंच किल्ला बागलाणातला साल्हेर, १,५६७ मीटर. अजिंठा-सातमाळ्याची आपली रांग त्याहूनही बरीच ठेंगणी. म्हणजे उंचीचा आजार महाराष्ट्रात कुठेही चढलात तरी होणार नाही. पण कुस्कोत विमानातून उतरलेल्या प्रवाशाची जी अवस्था असते, तीच मे महिन्यात पुण्याहून रातोरात खान्देशात उतरलेल्या पाहुण्याची असते. एकाला विरळ हवेची सवय नाही, दुसऱ्याला ४४ अंशांची. आणि दोघांनाही दुसऱ्याच दिवशी चढायचे असते.

उन्हाची सवय हा नुसता बोलण्याचा शब्द नाही, शरीरात खरोखर बदल होतात. रोज तास-दीड तास उन्हात अंगमेहनत केली की आठवडाभरात रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, त्या घामातून जाणारे मीठ कमी होते, आणि तेच काम करताना नाडी आधीइतकी धावत नाही. दोन आठवड्यांत हे बदल जवळजवळ पूर्ण होतात. मग तीन-चार आठवडे सावलीत, एसीत घालवले की ते पुसलेही जातात. आपल्या शेतात राबणाऱ्या बाईचे शरीर आणि बँकेत एसीखाली बसणाऱ्या तिच्या भावाचे शरीर मे महिन्यात एकसारखे वागत नाही, ते यामुळे. खान्देशात जन्मलो म्हणून ऊन बाधत नाही, असे म्हणणाऱ्या त्या भावाला मी हेच सांगते.

अजिंठ्याची जागा उन्हाळ्यात आणखी एका कारणाने कठीण. घोड्याच्या नालेच्या आकाराचा सरळसोट कडा, त्याच्या पोटात ओळीने लेणी. काळा बेसाल्ट दिवसभर तापतो आणि तापलेला दगड स्वतःच उष्णता फेकू लागतो. वळणामुळे वारा फारसा फिरत नाही. मे महिन्यात वाघूरचा धबधबा आटलेला असतो. लेण्यांत शिरले की गार वाटते, बाहेर आले की भट्टी, आणि तीस लेणी बघायची तर असे पुन्हा पुन्हा आत-बाहेर. लेणी उघडतात सकाळी नऊला, त्यामुळे पहाटेच उरकू म्हणायचीही सोय नाही. त्यात कोणीतरी म्हणतो, समोरच्या टेकाडावरच्या व्ह्यू पॉइंटवर जाऊ, जिथून स्मिथने लेणी पाहिली. तो चढ अर्ध्या तासाचा आणि बहुतेक उघड्यावरचा.

एका मे महिन्यात असाच एक तिशीतला तरुण आमच्याकडे आणला. बाहेरगावचा, तब्येतीने धडधाकट, रोज पळणारा. दुपारी एकच्या सुमारास व्ह्यू पॉइंटवर सर्वांच्या पुढे चढून गेला, खाली आला तेव्हा असंबद्ध बोलत होता. सोबतच्यांना आधी तो चेष्टा करतोय असे वाटले, मग कोणाला तरी बाधा झाल्याची शंका आली. अंगाला घाम होता, म्हणून हा उष्माघात नसणार असे त्यांनी ठरवले आणि थंडी वाजू नये म्हणून चादरीत गुंडाळून, काचा बंद करून गाडीतून आणला. दवाखान्यात आत घेतला तेव्हा तापमान १०६ फॅरनहाइटच्या वर होते. आम्ही कपडे काढले, गार पाण्याच्या चादरी घातल्या, चारही बाजूंनी पंखे लावले, काखेत-जांघेत बर्फ ठेवला. तासाभराने तो आपले नाव नीट सांगू लागला. मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता, तो उतरायला काही दिवस लागले. तो वाचला, दर वर्षी सगळे वाचत नाहीत.

घामाचा मुद्दा लोकांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. कातडी कोरडी पडली तरच उष्माघात, असे जुन्या पुस्तकांत होते. घरात पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ते बऱ्याचदा खरे ठरते. चढताना, पळताना, काम करताना ज्याला उष्माघात होतो, त्याचे अंग घामाने भिजलेले असू शकते. ओळखायची खूण वेगळी आहे: अंग भाजल्यासारखे गरम आणि वागणे बदललेले. बडबड, चिडचिड, तोल जाणे, झटके, गुंगी. नुसता थकवा, पोटऱ्यांत गोळे, डोकेदुखी, मळमळ असेल तर सावली, विश्रांती, मीठ-साखरेचे पाणी यांनी तासाभरात बरे वाटायला हवे. बोलणे बिघडले की मात्र पाणी पाजत बसू नका, ते श्वासनलिकेत जाईल. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत तिथेच थंड करायला लागा. कपडे सैल करा, मिळेल ते पाणी अंगावर ओता, पुठ्ठ्याने, उपरण्याने वारा घाला, गाडीतही काचा उघड्या ठेवा किंवा एसी लावा. पहिला अर्धा तास जितका उपयोगी पडतो तितके नंतर दवाखान्यातले काहीच पडत नाही. पॅरासिटामॉलची गोळी इथे काम करत नाही. हा जंतूंचा ताप नव्हे.

गोळ्यांवरून आठवले. रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी घेणारे, मानसिक आजाराची काही औषधे घेणारे, सर्दी-खाजेच्या गोळ्या घेणारे, यांना ऊन लवकर बाधते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, पण अशा सहलीच्या आधी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे. मधुमेहाची गोळी घेऊन, नाश्ता न करता 'वर जाऊन डबा खाऊ' म्हणणाऱ्यांची साखर चढावर उतरते. साठीच्या पुढे तहानेची जाणीवच बोथट होते, त्यामुळे आजीला तहान लागली का असे विचारण्यापेक्षा दर वीस मिनिटांनी तिच्या हातात पेला द्यावा.

एका शब्दाची मला खरेच भीती वाटते, तो म्हणजे गॅस. चढताना छातीवर दाब आला, डावा हात किंवा जबडा भरून आला, दरदरून घाम फुटला, की आपल्याकडे सोडा शोधतात. वर्षभर खुर्चीत बसून एकदम चारशे-पाचशे पायऱ्या चढणे ही हृदयाची परीक्षाच असते, आणि ती डोंगरावर दिलेली बरी नव्हे. थांबल्यावर त्रास कमी झाला तरी त्याच दिवशी ईसीजी काढावा. तालुक्याच्या ठिकाणी तो सरकारी रुग्णालयात निघतो.

ज्यांना या जागा नीट बघायच्या आहेत, माचू पिचू असो की आपला वेताळवाडीचा किल्ला, त्यांनी दीड-दोन महिने आधीपासून चालायला लागावे. सुरुवातीला अर्धा तास सपाटीवर, पुढे जिने. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्दागणिक धाप लागत असेल तर वेग कमी. चढण्याइतकीच उतरण्याचीही तयारी लागते, हे बहुतेक जण विसरतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन अडवत असतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जे 'आई गं' होते ते त्याचेच. थकलेल्या मांड्या गुडघ्याला सांभाळत नाहीत, आणि बहुतेक पडझड, मुरगळणे उतारावरच होते. पायऱ्या जितक्या जुन्या तितक्या कमी-जास्त उंचीच्या. काठी घ्यावी, त्यात म्हातारपण नाही. चप्पल नको, आणि नवे कोरे बूटही नकोत.

या जागा ज्यांनी उभारल्या त्यांनी पाण्याचा विचार आधी केला होता. माचू पिचूत डोंगरातल्या झऱ्याचे पाणी साडेसातशे मीटर लांबीच्या दगडी पाटाने गावात आणले आहे आणि ते एकाखाली एक अशा सोळा कारंज्यांतून खेळवले आहे. आपल्याकडच्या लेण्यांत आणि किल्ल्यांवर कातळात खोदलेली टाकी आहेत; भिक्खू पावसाळ्यात एका जागी राहत, त्यांची सोय त्यातून होई. ती टाकी आज बघण्यापुरतीच. त्यांतले पाणी तसेच पिऊ नये, गळ्याशी आलेच तर उकळून किंवा क्लोरीनचे थेंब टाकून. माणशी निदान तीन लिटर पाणी घरून न्यावे आणि त्यातल्या एका लिटरात ओआरएसची एक पुडी. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कैरीचे पन्हे चालते, ताक चालते. डब्याला कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असली तर घामातले मीठ आपोआप भरून निघते. जाता जाता, ती मिरची आणि ते शेंगदाणे मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे. इंकांच्या मुलखातली भाजी-भाकरी आपण रोजच खातो, तिकीट न काढता.

मधमाश्या आणि साप यांबद्दल थोडक्यात. अशा कड्यांवर आग्या मोहोळ असते. धूर, उग्र अत्तर, दगड मारणे टाळावे. माश्या उठल्याच तर तोंड झाकून पळत सुटावे, बंद जागेत शिरावे. डंखानंतर श्वास अडकला, ओठ-घसा सुजला तर मिनिटांचा प्रश्न असतो. दगडाच्या फटीत हात घालू नये, फुरसे तिथेच असते. साप चावलाच तर करकचून बांधणे नको, चिरणे नको; हात-पाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय. लस तिथे असते आणि मोफत मिळते.

एका डॉक्टरचे नाव या डोंगरांशी जोडलेले आहे, ते सांगायला हवे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले भाऊ दाजी लाड. दवाखाना सांभाळून त्यांनी अजिंठ्याचे शिलालेख वाचले, आणि चाळीसगावजवळच्या पाटण्याचा तो शिलालेख उजेडात आणला, ज्यात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढल्याची नोंद आहे. हे १८६०च्या दशकातले, ना रस्ते ना १०८. त्याच काळात मेजर रॉबर्ट गिल वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या नकला करत होता. तो १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे.

पाटण्याला चंडिकादेवीचे देऊळ आहे, वर कण्हेरगड, आणि त्याच्या अंगावर नागार्जुन कोठी, सीतेची न्हाणी, शृंगार चावडी ही लेणी. सोयगाव तालुक्यात हळद्याच्या घाटात वेताळवाडीचा किल्ला, पलीकडे जंजाळा आणि घटोत्कच लेणी. अजिंठ्याची गर्दी नको असेल त्यांनी दिवाळीनंतर इकडे जावे. सकाळी साडेसहाला पायथा सोडला तर ऊन तापायच्या आत माणूस खाली येतो. मे महिन्यात पाहुणे आलेच, तर त्यांना दोन-तीन दिवस घरच्या आंब्यावर ठेवावे, संध्याकाळी कांगेच्या काठाने फिरवावे, मग अजिंठ्याला नेताना गेट उघडताच आत शिरून साडेअकराला बाहेर पडावे. एक, दोन, सोळा आणि सतरा एवढी लेणी त्या वेळात शांतपणे होतात. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले आहेत. त्यांच्याही घोटभर पाण्याची सोय आपल्या पिशवीत असू द्यावी, कारण मे महिन्यात तेही त्याच दगडावरून चालतात, आणि खांद्यावर आणखी एक माणूस घेऊन. सोमवारी लेणी बंद असतात.